कोणतं तेल लावतेस गं?

कर्जतची आहे म्हटलं की ऑफिसात मला हमखास दोन प्रश्न येतात. पहिला, पावसाळ्यात कोणत्या धबधब्याला गर्दी कमी असते. (उत्तर : कोणत्याच नाही.) दुसरा प्रश्न बहुतेक बायका विचारतात, पण तिशीकडे झुकलेले काही पुरुषही पॅन्ट्रीत कोणी नाही असं बघून हळूच विचारून घेतात : "तुमच्याकडे ते आदिवासी तेल मिळतं का गं?"

हे तेल मूळचं आमच्याकडचं नव्हेच. कर्नाटकातल्या हक्की-पिक्की समाजाच्या लोकांचे गुडघ्यापर्यंत केस सोडलेले व्हिडिओ मध्यंतरी फोनवर धो धो फिरले, तेव्हापासून डोंगर आणि जंगल दिसलं की शहरातल्या माणसाला तेलाची बाटली दिसायला लागली. आमच्या कर्जत-खालापुरात ठाकर आणि कातकरी समाज आहे. पावसाळ्याच्या तोंडाला शेवळं आणि पाऊस लागल्यावर टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन बाजारात बसणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघतेय. त्यांच्यातल्या कित्येकींचे केस पातळ, तांबूस आणि कोरडे असतात. दिवाळीनंतर त्यांच्यातली कितीतरी घरं वीटभट्टीवर कामाला जातात आणि पावसाच्या आधी परततात. तिथे कोणतं तेल आणि कसलं काय! पण केसांचं खरं गणित कळायचं असेल तर ते इथेच सापडतं, तेलाच्या बाटलीत नाही, असं माझं मत बनलंय. सांगते कसं ते.

थोडं इंजिनीअरिंग आधी उरकून घेऊ. डोक्याबाहेर दिसणारा केस हा मेलेला असतो. केराटिन नावाच्या प्रथिनाची दोरी, बस्स. जिवंत काय ते त्वचेच्या आत काही मिलीमीटर खोल असलेलं मूळ. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले ८५ ते ९० टक्के कोणत्याही क्षणी वाढत असतात, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर. ही वाढ दोन ते सहा वर्षं चालते. मग दोन-तीन आठवड्यांत मूळ आकसतं, नंतर सुमारे तीन महिने तो केस नुसता आत टेकून उभा असतो, आणि मग गळतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणं हे निव्वळ चालू कामकाज आहे. आणि ज्या बाया रविवारीच डोक्यावरून न्हातात त्यांना आठवड्याचे अडकून राहिलेले केस एकदम मोरीच्या जाळीवर दिसतात आणि धसका बसतो. तो धसका घेऊ नका.

आता खरी गंमत. शरीराला मोठा धक्का बसला (मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, एकदम सोडलेलं जेवण) की शरीर खर्चकपात करतं. आयटीतल्यांना हे वेगळं सांगायला नको. बेंचवर पाठवायची पहिली पाळी केसांची. एरवी दहा टक्के केस विश्रांतीत असतात, ते एकदम तीस टक्के किंवा त्याहूनही जास्त होतात. पण ते लगेच गळत नाहीत! दोन-तीन महिने तसेच टेकून उभे राहतात. म्हणजे गणपतीत डेंग्यू झालेल्या माणसाचे केस डिसेंबरात गळतात. तोपर्यंत डेंग्यू विसरलेला असतो, प्लेटलेटचे आकडे विसरलेले असतात, आणि दोष येतो नव्या शॅम्पूवर नाहीतर सोसायटीच्या पाण्यावर. केस म्हणजे लाइव्ह डॅशबोर्ड नव्हे, तो मागच्या तिमाहीचा अहवाल आहे.

आमच्याकडच्या जुन्या बायकांना हे बरोबर माहीत होतं. बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस जातात, असं म्हणतात. लहानपणी मला वाटायचं काय ही अंधश्रद्धा. पण बाळ माणसं ओळखून हसायला लागतं तेही तिसऱ्या महिन्याच्या आसपास, आणि केसांचा हिशेबही तिथेच येऊन पोचतो! गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे गळायचे ते केसही टिकून राहिलेले असतात, ते बाळंतपणानंतर सगळे एकदम रजेवर जातात. कारण चुकलं असेल, कॅलेंडर अचूक होतं. कोविडच्या लाटांनंतरही हेच दिसलं, ताप गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी गुंतावळीचे गोळे.

लग्नाआधीचं डाएट हा याचाच शहरी अवतार. मे महिन्यातल्या लग्नासाठी मार्चात भात, पोळी, डाळ सगळं बंद. फोटोत कंबर दिसते छान आणि केसही छान, कारण अजून बिल यायचं असतं. ते जूनमध्ये सासरच्या बाथरूममध्ये येतं.

आणि यातूनच तेलांचा सगळा धंदा उभा आहे असं मला वाटतं. धक्क्यामुळे होणारी ही गळती, तो धक्का एकदाचाच असेल तर, साधारण सहा महिन्यांत आपणहून थांबते. मुळं शाबूत असतात, नवे केस खालून येतातच. आता माणूस काय करतो? पहिल्या महिन्यात एक तेल, दुसऱ्यात दुसरं, मग कोणीतरी सांगितलेला कांद्याचा रस (याबद्दल लोकलमधल्या सहप्रवाशांचं मत कोणी विचारत नाही), मग चौथं तेल. गळती थांबायच्या वेळी जे हातात असेल ते जिंकतं. त्याचाच फोटो, त्याचंच कौतुक, त्याचीच शिफारस पुढच्या दहा जणींना. आधीच्या तीन बाटल्या बिचाऱ्या उगाच बदनाम.

पण धक्का एकदाचा नसेल तर? रोजचाच असेल तर?

माझी मावशी खोपोलीला असते. तिचे केस दीड-दोन वर्षं गळत होते. पूर्वीची मनगटाएवढी वेणी करंगळीएवढी झाली होती. केसांवर भांडी देणारी बाई दारावर यायची तिला मावशीची गुंतावळ बघून आनंदच व्हायचा, एकदा तर तिने आपणहून मोठं पातेलं दिलं. मावशी ते पातेलं सगळ्यांना हसत दाखवायची. हसण्यासारखं नव्हतं ते. घरात माक्याचं तेल, जास्वंदीचं तेल, टीव्हीवरचं तेल, सगळं झालं. एका दिवाळीत तिच्याकडे गेले होते, तर ती एक जिना चढून आली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"मावशी, दम लागतो का गं तुला?"

"वय झालं गं आता." वय सत्तेचाळीस.

"आणि पाळी?"

ती स्वयंपाकघरात गेली. तिथे, हळू आवाजात, म्हणाली की आठ-आठ दिवस जाते, अंगावरून खूप जातं, पण या वयात सगळ्यांचंच असं होतं, त्यात काय सांगायचं. केसांबद्दल मात्र ती सगळ्यांना सांगत होती. केस सांगता येतात ना! बाकीचं नाही सांगता येत.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.२. बायकांचं १२ तरी असावं लागतं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या, साध्याच, पण दर महिन्याला रक्त घालवणाऱ्या. पुढे उपचार झाले, लोहाच्या गोळ्या महिनोन् महिने चालल्या. केसांवर वेगळं काहीही केलं नाही. सात-आठ महिन्यांनी तिच्या कपाळावर, भांगाच्या दोन्ही बाजूंना, उभे राहिलेले बारीक बारीक केस दिसायला लागले. दम त्याच्या कितीतरी आधी थांबला होता.

मावशीचं उदाहरण जगावेगळं नाही हेच वाईट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत हा आकडा ४८ होता. म्हणजे वाढला! केस गळतात म्हणून तेल विचारणाऱ्या दोघींपैकी एकीला खरं तर सीबीसी आणि फेरिटिन करायला सांगायला हवं, असं मी म्हणते ते यामुळे. (फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा तळाला गेलेला असू शकतो.) सोबत थायरॉइडची टीएसएच, आणि शाकाहारी असाल तर बी-१२. याचा सगळा खर्च दोन-तीन 'प्रीमियम' बाटल्यांत निघतो.

आणि जेवण. नाचणीची भाकरी, मूग-मटकी, अंडं, सुकट-जवळा, पालेभाजीवर पिळलेलं लिंबू. केस प्रथिनांचा आहे, तो डाळीतून येतो, बाटलीतून नाही. लिंबामुळे भाजीतलं लोह जास्त लागू पडतं, आणि जेवणाबरोबर चहा घेतला की ते अडतं. आपल्याकडे सकाळी चहा-चपाती हाच नाश्ता असलेली निम्मी घरं असतील, तिथे चहा तासभर पुढेमागे केला तरी बरंच. बाजारातल्या त्या कातकरी बायकांकडच्या टोपलीत टाकळा-कुर्डू असतो. तो विकून त्या रेशनचा तांदूळ आणि चहा-साखर घेऊन घरी जातात. हे मला दर पावसाळ्यात दिसतं आणि त्यावर काय लिहायचं ते सुचत नाही.

रेशनवरून आठवलं. बुलढाणा जिल्ह्यातलं शेगाव तालुक्यातलं प्रकरण तुम्ही पेपरात वाचलं असेल. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत हातात यायला लागले. आधी डोकं दुखणं, खाज, ताप, उलट्या, आणि मग केस. १८ गावांत मिळून २७९ माणसं. त्यात कॉलेजातल्या मुली बऱ्याच. लाजेपोटी काहींनी डोकंच भादरून घेतलं, कुणाची परीक्षा बुडाली, कुणाचं ठरलेलं लग्न लांबलं. पाण्यातलं नायट्रेट, बुरशी, शॅम्पू अशा सगळ्या शंका घेऊन झाल्या, आयसीएमआरचं पथक आलं.

यात आमच्या जिल्ह्याचा संबंध असा की, महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर तिथे गेले. हे तेच, ज्यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून असंख्य जीव वाचवले आणि ज्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी पदरमोड करून रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू तपासून घेतला. रेशनच्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. एरवी गव्हात ते ०.१ ते १.९ असतं. लोकांच्या रक्तात नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, आणि तिकडे शिवालिकच्या पायथ्याच्या काही पट्ट्यांत मातीतच सेलेनियम जास्त आहे, हा त्यांचा निष्कर्ष. तिथला गहू बंद झाल्यावर काही आठवड्यांत बऱ्याच जणांचे केस परत यायला लागले.

इथे तीन महिन्यांची उधारी का नव्हती? कारण विषाने वाढत्या मुळावरच घाव घातला. केमोथेरपीतही असंच होतं, केस आठवड्यांत जातात. म्हणजे गळतीचा वेगही काहीतरी सांगत असतो. हळूहळू वाढलेली गळती असेल तर मागे वळून कॅलेंडर बघा, आणि चार दिवसांत मूठभर गेले तर सरळ डॉक्टर गाठा, सोबत अजून कोणाचे जात आहेत का तेही विचारा.

आता हेच सेलेनियम केसांच्या गमीमध्ये असतं. हो, त्या गुलाबी, अस्वलाच्या आकाराच्या. २००८ साली अमेरिकेत एका पातळ पोषकद्रव्यात चुकून लेबलावर लिहिलेल्याच्या २०० पट सेलेनियम पडलं आणि २०१ माणसं आजारी पडली. त्यांच्यातल्या बहुतेकांचे केस गेले. ए जीवनसत्त्व जास्त झालं तरी केस गळतात. बायोटिनची कमतरता निरोगी माणसात सहसा नसतेच, आणि जास्त बायोटिन घेतलं तर थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिनचे रिपोर्ट चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये दिला होता. रक्त तपासायला जाताना निदान लॅबवाल्याला सांगा की गमी खातोय. आधी कमतरता सापडू दे, मग भरून काढू.

मग रोजच्या निगराणीचा उपयोग काय? आहे ना, भरपूर आहे, फक्त काम वेगळं आहे. मूळ केस बनवतं, आणि बनलेली दोरी चार वर्षं तुटू न देणं हे आपलं काम. महिन्याला एक सेंटीमीटर वाढतो आणि टोकाला तेवढाच तुटतो, मग बाई म्हणते माझे केस वाढतच नाहीत.

खोबरेल तेलाला इथे पूर्ण मार्क. २००३ साली मॅरिकोच्या मुंबईतल्या संशोधन विभागाने खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल तेलाची तुलना केली. केसातलं प्रथिन धुवून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. (खोबरेल विकणाऱ्या कंपनीचाच अभ्यास, हे मीठ चिमूटभर घालून घ्या. पण रसायनशास्त्र पटण्यासारखं आहे.) न्हायच्या आदल्या रात्री नाहीतर काही तास आधी, लांबीवर लावायचं. आमच्याकडे भाताच्या बांधावर माका आपोआप उगवतो, बारीक पांढऱ्या फुलांचा, आणि आई तो खोबरेलात उकळते. माक्याबद्दल उंदरांवरच्या प्रयोगांत थोडं आशादायक दिसलंय, माणसांवर सिद्ध म्हणावं असं नाही. खोबरेल मात्र खोबरेलाचं काम करतंच, माका नाराज होत नाही.

कोंडा असेल तर तेल नको. मॅलासेझिया नावाचं यीस्ट डोक्यावरच्या तेलकटपणावर जगतं. त्यात पावसाळ्यात आमच्याकडे तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, केस चार-चार तास वाळत नाहीत, वर तेल. म्हणजे पाहुणा आला, ताट वाढलं, अंथरूणही घातलं. केटोकोनॅझोलचा शॅम्पू आणून तीन ते पाच मिनिटं डोक्यावर राहू द्यायचा आणि मग धुवायचा. लावला की लगेच धुतला तर पैसे मोरीत.

पहाटेच्या कर्जत लोकलच्या लेडीज डब्यात बघा कधी. दहातल्या सहा जणींचे केस ओले आणि घट्ट बांधलेले. दोन-सव्वादोन तासांचा प्रवास, घरचं सगळं उरकून निघालेल्या, वाळवायला वेळ कुठला. पण ओला केस फार कच्चा असतो. पाण्याने त्याच्यातले हायड्रोजन बंध सुटतात, तो ताणला की लांबतो आणि तुटतो. रोज घट्ट ओढून बांधला तर कानशिलापाशी मुळंच दुखावतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तिथले केस कायमचे जातात. त्यापेक्षा रात्री न्हा, किंवा गाडीत सैल सोडून बसा आणि ठाणे आलं की बांधा. गुंता रुंद दातांच्या फणीने, टोकापासून वर वर. टॉवेलने खसाखसा नाही, जुन्या सुती पंचाने दाबून.

पाण्याचं विचारतात सगळे. खालापूर पट्ट्यात नवी संकुलं झालीत, तिथे बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी, बादलीला पांढरा थर. क्षाराच्या पाण्याने केस राठ होतात हे खरं वाटतं, पण २०१३ साली इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजीत आलेल्या अभ्यासात केसाच्या ताकदीत लक्षात घेण्यासारखा फरक सापडला नव्हता. नंतर पाकिस्तानातल्या एका अभ्यासात थोडा सापडला. दोन्ही अभ्यास दोरीबद्दल, मुळाबद्दल नाहीत. नळाला लावायच्या फिल्टरवर पाच हजार घालवण्याआधी कंडिशनर लावून बघा. अशा पाण्यात साबणाचा चिकट साका होतो, शिकेकाईचा आणि शॅम्पूचा नाही, एवढं मात्र नक्की. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, सुकी संत्र्याची साल हे आजीचं मिश्रण म्हणून चालायचं. माझ्याच्याने रविवारीही होत नाही ते, आणि डोळ्यांत गेलं तर सोमवारपर्यंत चुरचुरतं.

शेवटचं, पॅन्ट्रीतल्या पुरुषांसाठी. कपाळाच्या कोपऱ्यांतून मागे सरकत जाणारे केस, किंवा बायकांत रुंद होत जाणारा भांग, ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मूळ दर फेरीला बारीक होत जातं, घराण्यातून येतं, आणि आपणहून थांबत नाही. (रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली असेल तर तेही वेगळं. तिथे शरीरच मुळांवर हल्ला करतं, लसूण घासू नका.) यात वेळ महत्त्वाचा असतो, म्हणून तेलात दोन वर्षं घालवू नका, त्वचेच्या डॉक्टरकडे जा. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध, अमेरिकेत १९८८ साली केसांसाठी मंजूर झालं. लावायला लागलं की पहिले काही आठवडे गळती वाढते, कारण टेकून उभे असलेले केस नव्यांना जागा देतात. बरेच जण नेमकी तिथेच बाटली कपाटात टाकतात. फरक कळायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की मिळवलेलं जातं. रोज आरशात बघून काही कळत नाही. महिन्याच्या एक तारखेला, त्याच दिव्याखाली, त्याच भांगाचा एक फोटो काढा आणि मधले तीस दिवस विसरून जा.